पायाशी राहिलेली जागा

हेडली गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लॉकयरांच्या स्वयंपाकघरात भांडण लागलं, तेव्हा हेडली दोन दारांपलीकडे पुढच्या खोलीत निजलेला होता. खिडक्या सताड उघड्या होत्या. फेब्रुवारीचा गारठा आत यावा म्हणूनच त्या उघड्या ठेवल्या होत्या. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, मला अंत्यविधीवाल्यांच्या दुकानात नेऊ नका, अंगात औषधं भरू नका, घरातून काढा. तेवढं सगळ्यांनी मुकाट्याने मानलं. अडलं होतं ते पुढच्या गोष्टीवर. घरातून काढून न्यायचं कुठे?

"थडग्याचा दगड तयार उभा आहे," रसेल म्हणत होता. "आजोबांच्या नावाखाली कोरी जागा ठेवलीय ती कुणासाठी? माझ्या कुत्र्यासाठी?"

"कुत्रासुद्धा झोपायचा नाही तिथे," लॉर्ना म्हणाली. "भिंतीपलीकडे गाड्या लावतात हल्ली."

"पाच पिढ्यांचे लॉकयर झोपलेत चर्चच्या त्या भिंतीशी. त्यांची गाड्यांबद्दल तक्रार आलेली मी ऐकली नाही."

"बाबांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, रसेल. वरच्या रानात न्या म्हणाले. दगड नको, पाटी नको, काही नको."

"तुला सांगितलं! ब्रिस्टलहून महिन्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्या लेकीला. मी रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून विलोचे लवचिक फोक सोलत होतो, मला नाही सांगितलं."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

रसेलने वाकून शेगडीचं दार उघडलं, शेजारच्या टोपलीतून दोन ढलप्या काढून आत टाकल्या आणि टोपली पायाने मागे सारली.

"पाय नको लावूस," एव्हरिल म्हणाली.

दोघांनीही वळून आईकडे पाहिलं. सकाळपासून ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसून होती आणि तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता.

"घ्या! बोलली ती यावर," रसेल म्हणाला. "या घरात मांजराला लाथ मारली तर चालेल, पण ढलप्यांच्या टोपलीला पाय लागायचा नाही."

"मांजराला कोण लाथ मारतं?" लॉर्ना म्हणाली, आणि दोघं भावंडं क्षणभर हसली. मग पुढच्या खोलीची आठवण होऊन दोघांचेही चेहरे उतरले.

वरचं रान म्हणजे टेकडीच्या पाठीवर व्हेरिटी पोपलने लावलेली झाडी. वीसएक वर्षांपूर्वी तिने बापाच्या मक्याच्या शेतात ओक, हेझल, रानमेपल लावले आणि तिथे माणसं पुरायला सुरुवात केली. विलोच्या पेटीत किंवा नुसत्या लोकरीत माणूस ठेवायचा, वर झाड लावायचं आणि पुढचं गवतावर सोपवायचं. गावाने पहिल्यांदा थट्टाच केली. व्हेरिटीला मक्यापेक्षा हे पीक बरं आलं, असं म्हणायचे. मग हळूहळू लॉकयरांच्या कारखान्यात पेट्यांची मागणी यायला लागली. शंभर वर्षं कबुतरांच्या, सफरचंदांच्या, धुण्याच्या टोपल्या विणलेल्या घराने शवपेट्या विणायला घेतल्या. प्लॅस्टिकने धंदा बुडवला होता, तो मेलेल्यांनी वर काढला. इथवर ठीक होतं. पण गिऱ्हाइकासाठी विणणं वेगळं आणि आपल्या घरचं माणूस तिथे नेऊन ठेवणं वेगळं.

"आई, तूच सांग आता," लॉर्ना म्हणाली. "पाद्रीबाई संध्याकाळी येतील. त्यांना काय सांगायचं? तुझ्याशिवाय कुणाला हक्क नाही."

एव्हरिलला दगड हवा होता. पण तो का हवा, हे या दोघांना सांगायचं तर रसेलच्याही आधीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि पन्नासहून जास्त वर्षांत ती तिने केली नव्हती.

रसेलच्या आधी एक मुलगी झाली होती. रडलीच नाही. त्या काळी असं मूल आईला दाखवत नसत. नर्सने टॉवेलात गुंडाळून नेली. 'तुम्ही आता विसरायचं बघा, बाकीचं आम्ही पाहतो,' म्हणाली. वाईट बाई नव्हती, तिला तसंच शिकवलं होतं. बाकीचं त्यांनी पाहिलं. कुठे नेलं, कुणाबरोबर ठेवलं, कुणी प्रार्थना म्हटली की नाही, काही कळलं नाही. आणि विचारायचं असतं हे एव्हरिलच्या तेव्हाच्या वयाच्या मुलीला कोण सांगणार?

घरी परत आली तर शेगडीशेजारी टोपली. त्या हिवाळ्यात हेडलीने सगळ्यात बारीक, पांढरेशुभ्र फोक निवडून बाळासाठी विणलेली, कडेला दोन मुठी असलेली टोपली. आणि ती त्याने ढलप्यांनी काठोकाठ भरून ठेवली होती. एवढंही कळू नये पुरुषाला? त्या टोपलीबद्दल कितीतरी वर्षं तिने त्याला मनातून माफ केलं नव्हतं. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की ती टोपली कधीच रिकामी नसते. ऐन उन्हाळ्यात शेगडी थंड पडलेली असतानाही हेडली निजायच्या आधी बाहेर जातो आणि ती भरून आणतो. तिला रिकामी दिसू देत नाही. तेव्हापासून त्या टोपलीला कुणी पाय लावला की एव्हरिल ओरडायची. याहून जास्त त्या नवराबायकोत यावर कधी बोलणं झालं नाही.

आता पुन्हा एक माणूस बिननावाच्या मातीत द्यायचं? एक दिलं होतं तेवढं पुरे नव्हतं?

"चर्चच्या भिंतीशी," ती म्हणाली. "दगडाखाली."

रसेलने सुस्कारा सोडला. लॉर्नाचे डोळे भरून आले, पण ती काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं आणि गार्नेट आत आला. हेडलीचा धाकटा भाऊ, जन्माचा ब्रह्मचारी. डोळ्यांत पडदा आला होता तरी कारखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती. त्याच्या कोटाला भिजल्या विलोचा वास येत होता.

"बाहेरपर्यंत ऐकू येतंय," तो म्हणाला. "हेडलीला काय वाटेल?"

"काका, तुम्हीच सांगा," रसेल म्हणाला. "तुमची जागासुद्धा त्याच भिंतीशी आहे ना, त्यांच्या शेजारी?"

"होती." गार्नेट चाचपडत खुर्चीत बसला. "हिवाळ्याच्या आधी हेडली मला वरच्या रानात घेऊन गेला. जागा दाखवली. म्हणजे मला दिसली नाही, पण मी उभा राहून पाहिलं. कोरडी आहे. जन्मभर गुडघाभर चिखलात विलो कापले दोघांनी. मेल्यावर तरी पाय सुकू देत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" रसेलचा आवाज चढला. "सगळ्यांना माहीत होतं. लॉर्नाला माहीत, तुम्हाला माहीत. मीच तेवढा परका."

"तुला सांगायचं धाडस नव्हतं त्याला. तू त्या भिंतीला किती जीव लावलायस ते तो बघत होता."

"तुम्हाला काय, काका! मागे बायको ना पोर. तुम्हाला दगड काय नि गवत काय. बघायला येणार कोण?"

असं बोलायला नको होतं. गार्नेटने मांडीवरची टोपी उचलली, दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली आणि आला तसा निघून गेला. रसेलनेही दुसऱ्या दाराने कारखान्याची वाट धरली.

"चल," लॉर्ना आईला म्हणाली. "नाही म्हणायचं तर नाही म्हण. पण एकदा बघून म्हण."

टेकडीवर वारा होता. खाली सगळी पाणथळ पसरलेली, चरांमध्ये आभाळ साचल्यासारखं पाणी. झाडांना अजून पालवी नव्हती. व्हेरिटी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पुढे चालत होती. फार बोलणारी बाई नव्हती, आणि ते एव्हरिलला बरं वाटलं.

"इथे," ती एका ठिकाणी थांबून म्हणाली.

तिथे काहीच नव्हतं. इकडेतिकडे कोवळी झाडं, मध्ये गवत, गवतात हिमफुलांचे चारदोन झुबके. कोणत्या झाडाखाली कोण, हे ओळखायला काही खूण नव्हती.

"आजूबाजूला आहेत का कुणी?" एव्हरिलने विचारलं.

"तुम्ही उभ्या आहात तिथून मेपलपर्यंत चारजण आहेत."

एव्हरिल चटकन दोन पावलं मागे सरकली.

"चालेल, मिसेस लॉकयर. त्यांच्यावरून हरणंसुद्धा जातात."

"मला नाही चालत." तिने गवताकडे पाहिलं. "उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. कुणी विचारलं की हेडली लॉकयर कुठे आहे, तर काय सांगणार?"

"आमच्याकडे नकाशा आहे."

"नकाशा तुमच्याकडे. माणूस माझं."

व्हेरिटी बाजूला जाऊन एका रोपाची आधारकाठी सरळ करत राहिली. लॉर्नाने आईच्या दंडाला धरलं. एव्हरिलला मात्र दुसरंच गवत दिसत होतं.

मुलं मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर हेडलीने कुठून कुठून चौकशा करून त्या मुलीचा शोध काढला होता. एके दिवशी कोट चढवून म्हणाला, चल. तालुक्याच्या मोठ्या दफनभूमीत अगदी मागच्या भिंतीलगत गवताची एक लांब पट्टी होती. गवत कापणाऱ्या माणसाने हात हलवून दाखवलं, इथेच कुठेतरी, त्या काळची सगळी बाळं इथेच. एव्हरिल पट्टीच्या टोकाशी दगडासारखी उभी राहिली. हेडलीने टोपी काढली आणि त्या टोकापासून या टोकापर्यंत हळूहळू चालत गेला. आपली कुठे आहे ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांपाशी क्षणभर थांबत गेला. परतताना गाडीत तो एवढंच बोलला, "गवत छान आहे."

गवत छान आहे! एव्हरिल त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

उतरताना लॉर्नाने विचारलं, "मग?"

"त्याला इथेच यायचं होतं ना, येऊ दे," एव्हरिल म्हणाली. "मेलेल्या माणसाचा शब्द मोडून मला झोप यायची नाही."

"आई!" लॉर्नाने तिला मिठीच मारली.

"पण माझं ऐकून ठेव. मी इथे येणार नाही. मला भिंतीशी ठेवा. दगडावर त्याचं नाव नसलं तर नसेना, माझं नाव असायला हवं."

लॉर्नाची मिठी सुटली. "म्हणजे बाबा इथे आणि तू तिथे?"

"अठ्ठावन्न वर्षं एका बिछान्यात झोपलो. पुरे झालं," एव्हरिल म्हणाली. पण ते खोटं होतं, आणि गाडीत बसल्यावर तिला पट्ट्याची खाच सापडेना, लॉर्नाला तो लावून द्यावा लागला.

रसेलला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पेटी मीच विणणार." विरोध होता तरी बापाला दुसऱ्याच्या हातची पेटी, हे त्याच्याने बघवलं नसतं. आणि गार्नेट म्हणाला, "झाकण आणि कड माझी." कारखान्यातल्या मधल्या भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोघांची कामं सुरू झाली. एकमेकांशी चकार शब्द नाही. काही द्यायचं असलं की लॉर्ना मध्ये.

"काकांना सांग, उकडलेले फोक हौदात भिजलेत."

"त्याला सांग, मला वासावरून कळलंय."

लॉकयरांच्या घरात टोपलीचं माप घेतलं की डोक्याशी एक वीत आणि पायाशी एक वीत जास्त धरायची रीत होती. ओली वीण वाळताना अंग चोरते. माप घेणारा ही वीत धरतो आणि धरली की मोठ्याने सांगतो, 'वीत घेतली!' विणणारा ओ देतो, 'ऐकली!' एव्हरिल या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला ही हाकाटी ऐकून हसू यायचं. सासरे, हेडली, गार्नेट, सगळे कारखान्यातून दिवसभर ओरडत असायचे.

गार्नेटने पुढच्या खोलीत जाऊन भावाच्या शेजारी एक लांब फोक आडवा धरला, बोटांनी चाचपून टाच आणि टाळू ठरवली आणि मापाचा तुकडा कापून रसेलच्या पाटावर नेऊन ठेवला. हाक कुणी दिली नाही. त्या आठवड्यात कारखान्यातून नुसता वीण दाबून बसवणाऱ्या लोखंडी ठोकणीचा आवाज येत राहिला.

पुरायच्या दिवशी सकाळी पेटी पुढच्या खोलीत आणली. सुंदर झाली होती. तांबूस फोकांची घट्ट वीण, कडेला गार्नेटची वेणीसारखी गुंफण, उचलायला दोन्ही बाजूंनी जाड मुठी. रसेलने आणि लॉर्नाच्या नवऱ्याने हेडलीला कांबळ्यासकट उचलून आत ठेवलं. डोकं उशीवर नीट बसवलं. आणि मग सगळ्यांची नजर एकदम पायांकडे गेली.

पायाशी चांगली दीड हात जागा मोकळी होती.

"हे काय?" रसेल म्हणाला.

"काय झालं?" गार्नेटने विचारलं.

"लांब झालीय. बाबा आत घसरतील. टेकडी चढवायची आहे ती, सपाटीवरून न्यायची नाही!" त्या आठवड्यात रसेल पहिल्यांदाच काकाशी थेट बोलत होता. "माप कसं घेतलंत तुम्ही?"

"माप बरोबर होतं. वीत धरून दिलं होतं."

"वीत तुम्ही धरली होती?"

"मग? माप घेणारा धरत नाही तर कोण, पाद्रीबाई?"

"मीसुद्धा धरली," रसेल म्हणाला. "दोन्हीकडे. मला वाटलं नुसतं माप ठेवलंत."

"हाक का नाही दिलीस?"

"तुम्ही दिलीत?"

"तू बोलत होतास का माझ्याशी?" गार्नेटने कडेवरून बोट फिरवलं. "हाताला लांब लागली होती मला कड वळताना. पण तुला विचारायचं नव्हतं. म्हटलं, करू दे काय करायचं ते. त्याच्या बापाची आहे."

रसेल पेटीच्या कडेला हात टेकून उभा राहिला. बघता बघता पन्नाशी उलटलेल्या त्या दांडग्या माणसाचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. "शेवटचं काम," तो म्हणाला. "त्यांचं शेवटचं काम, आणि तेच चुकवलं. माझ्या तोंडामुळे. काका, त्या दिवशी मी जे बोललो..."

"राहू दे रे."

"पेंढा भरू या पायाशी," लॉर्ना डोळे पुसत म्हणाली. "किंवा लोकर. व्हेरिटीला चालतं ते."

गार्नेट पेटीच्या पायाकडच्या बाजूला आला आणि हात घालून त्याने मोकळी जागा चाचपली. बराच वेळ चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "एव्हरिल. पोरी." पाणथळीतले जुने पुरुष कुठल्याही वयाच्या बाईला पोरीच म्हणतात. "रानात उभं राहून तो मला काय म्हणाला, ते तुला सांगू का? सांगू नको असं म्हणाला नव्हता. तू विचारलंस तर सांग, म्हणाला होता. पण तू विचारलं नाहीस."

"आता विचारते."

"म्हणाला, तिला दगड नाही, नाव नाही, नुसतं गवत आहे. मी मोठ्या अक्षरांत नाव कोरून त्याखाली झोपलो, तर तिला वाटेल बाप आपल्याला सोडून मोठ्या माणसांत जाऊन बसला. तिला ठेवलंय तसंच मला ठेवा."

"कुणाला?" रसेलने विचारलं. "तिला म्हणजे कुणाला?"

एव्हरिल भिंतीला धरून उभी होती. गाडीतलं ते एक वाक्य, गवत छान आहे, इतक्या वर्षांनी तिच्या छातीत येऊन बसलं. लेकीला त्याहून चांगलं काही देता आलं नाही, म्हणून निदान गवत तरी छान आहे, एवढंच तो बायकोला सांगत होता. आणि तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. मागून ढलप्या फरशीवर पडल्याचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ती टोपली होती. रिकामी. कडेची एक मूठ झिजून गुळगुळीत झालेली, रंग चहासारखा काळपट, तळात लाकडाचा भुसा. पदराने पुसावी तशी तिने ती आपल्या लोकरी जाकिटाच्या बाहीने पुसली.

"आई, ती कशाला?" लॉर्ना म्हणाली. "ढलप्यांची टोपली..."

"ढलप्यांची नाही ती," एव्हरिल म्हणाली. "बाळाची आहे. तुमच्या बाबांनी विणली होती, तुमच्या थोरल्या बहिणीसाठी."

आणि मग तिने सांगितलं. फार नाही, चारपाच वाक्यांत. इतकी वर्षं जे तोंडाशी आलं की परत गिळलं, ते सांगायला एवढासा वेळ पुरला, याचंच तिला नवल वाटलं. लॉर्ना खाली बसली. रसेल टोपलीकडे बघत राहिला.

"मी लाथेने सारायचो ती," तो म्हणाला.

"तुला कुठे माहीत होतं?"

"बाबा कधी काही बोलले नाहीत."

"ते रोज भरायचे," एव्हरिल म्हणाली.

रसेलने पुढे होऊन आईच्या हातातून टोपली घेतली, दोन्ही हातांनी, आत खरंच कुणी निजलेलं असावं तशी. मग वाकून बापाच्या पायाशी ठेवली. दीड हात जागा. टोपली नेमकी बसली. थोडी फट राहिली तिथे लॉर्नाने लोकर लावली. गार्नेटने हात फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "आता नाही घसरायचा," तो म्हणाला.

"नाव काय होतं तिचं?" लॉर्नाने विचारलं.

"ठेवू दिलं नाही कुणी."

"तू ठेवलं नव्हतंस? मनातल्या मनात?"

झाकण लावायच्या आधी एव्हरिल पेटीच्या डोक्याशी गेली, गुडघे दुखत असतानाही खाली बसली आणि हेडलीच्या कानाशी तोंड नेऊन एक शब्द बोलली. खोलीत इतकी माणसं होती, पण तो कुणालाच ऐकू गेला नाही. मग ती उठली आणि गार्नेटने झाकणाच्या वाद्या एकेक करून बांधल्या.

रानात फार वेळ लागला नाही. पाद्रीबाई तिथेही आल्या, आणि त्यांनी प्रार्थना लहानच ठेवली. सहाजणांनी पेटी खांद्यावरून उतरवून खाली सोडली. खड्डा फार खोल नव्हता. मुळं पोचतील इतकाच खोल खणायचा असतो, व्हेरिटीने सांगितलं. प्रत्येकाने हाताने माती लोटली. गार्नेट आधी चुकीच्या बाजूला लोटायला लागला, तर रसेलने त्याचं मनगट धरून नीट जागेवर आणलं आणि मग सोडलंच नाही. हेझलचं रोप पानगळीच्या दिवसांत लावायचं ठरलं.

लोक पांगायला लागले तरी एव्हरिल तिथेच उभी होती.

"या शेजारची जागा कुणाची आहे?" तिने व्हेरिटीला विचारलं.

"अजून कुणाचीच नाही."

"मग कुणाला देऊ नका."

रसेलने ऐकलं. तो जवळ आला. "आई, आणि भिंतीशी? आजोबांच्या नावाखाली कोरी जागा राहिलीय ती?"

"ती तुझ्या कुत्र्याला दे," एव्हरिल म्हणाली.

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. एव्हरिलने त्याच्या कोपराला धरलं आणि दोघं उतार उतरू लागले. वाटेत कोवळ्या झाडांमधून जाताना ती गवतावर पाय जपून टाकत होती, पण बाजूला सरकत नव्हती.

घरी आल्यावर सगळ्यांना थंडी वाजत होती. लॉर्नाने पुढच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या आणि चहाचं आधण ठेवलं. गार्नेट हेडलीच्या खुर्चीत बसला, त्यावरून कुणी काही म्हटलं नाही. रसेलने शेगडीचं दार उघडलं आणि सवयीने टोपलीकडे हात नेला. तिथे काही नव्हतं. सकाळी ओतलेल्या ढलप्या फरशीवर तशाच पसरल्या होत्या. त्याने गुडघे टेकले, त्यातल्या दोन उचलून आत टाकल्या आणि जाळ धरेपर्यंत तसाच बसून राहिला.

"उद्या दुसरी विणतो," तो म्हणाला.

"नको," एव्हरिल म्हणाली. "असू दे जमिनीवर."